शेंदराखालची घोरपड

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी कपाळाकडे जातो. कारण त्या गुन्ह्यातला पुरावा मी स्वतःच्या हातानं कपाळाला लावला होता. उरलेला नदीत सोडायला परवानगी दिली होती, आणि एक तुकडा रुमालात बांधून घरी नेला होता. तपास अधिकारीच एवढी कामाची असल्यावर चोरांनी पुरावा नष्ट करायची तसदी कशाला घ्यावी?

तेव्हा मी नवी कोरी उपनिरीक्षक होते. कडक इस्त्रीचा गणवेश, घट्ट अंबाडा, आणि माणूस पाहिला की मला कळतं असा भरवसा. हा भरवसा पोलिसाला पहिल्या वर्षी येतो आणि ज्याचा जात नाही तो पुढं फार नुकसान करतो. पोस्टिंग मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या महाराष्ट्राकडच्या टोकाला होतं. ठाण्याचं नाव सांगत नाही, गावाचं आणि माणसांचंही नाही.

सकाळची हजेरी चालू असताना एका गावचा कोटवार, म्हणजे गावाचा चौकीदार, सायकल टाकून आत आला. गावची माय चोरीला गेली म्हणाला.

तिकडच्या गावात माय म्हणजे काय ते आधी सांगते. धानाच्या बांध्यांपलीकडे तलाव, तलावाच्या पाळीवर मोहाचं झाड, त्याखाली चार खांबांवर पत्रा. पत्र्याखाली हातभर उंचीचा लाल गोळा आणि त्यावर चांदीचे दोन डोळे. बस, एवढीच माय. एक म्हातारी विधवा पुजारीण दर मंगळवारी तेलात शेंदूर कालवून तिला लेप द्यायची. तिच्याआधी तिची सासू द्यायची, तिच्याआधी तिची सासू. लेपावर लेप चढून नाक नाही, तोंड नाही, हात-पाय नाहीत. आतला दगड कसा आहे हे गावात कुणीही पाहिलं नव्हतं आणि पाहावं असं कुणाला वाटलंही नव्हतं.

मी गेले तेव्हा आतला दगड गायब होता. शेंदराचे जाड पापुद्रे, कुणी कौलं फोडावीत तसे, पाळीवर पसरले होते. आणि चांदीचे दोन्ही डोळे तिथंच पडलेले. चांदी टाकून दगड नेणारा चोर. इथं जिचं डोकं ठिकाणावर आहे अशी कुठलीही पोलीस बाई थांबली असती. मी वाकले, शेंदराची चिमूट घेतली आणि कपाळाला लावली.

सरपंच हात जोडून म्हणाले, "मॅडम, हे मायचं अंग हाय. पायाखाली येईन. वैनगंगेत सोडून येतो."

"सोडा," मी म्हणाले. मोठ्या उदार मनानं म्हणाले. एक तळहाताएवढा तुकडा रुमालात घेतला, कारण घरी मुलाला दातांचा ताप होता. मग पंचनाम्यात लिहिलं की घटनास्थळी तपासाच्या दृष्टीनं उपयुक्त असं काही मिळून आलं नाही.

तो तुकडा सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला. पुसताना त्यांना दिसलं की आतल्या बाजूला खोलगट ठसा आहे. "सूनबाई, यात पाल हाय वो," त्या म्हणाल्या. मी पोलिसी कामात होते, पालीकडे कोण बघतं. देवात पाल नको म्हणून सासूबाईंनी ती बाजू भिंतीकडे केली. पूजा मात्र रोज चालू.

खबर लगेच मिळाली. गावातल्या एका वजनदार माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, पुजारणीवर लक्ष ठेवा, रात्री-बेरात्री पाळीवर तीच असते. न मागता आणि चहाबरोबर आलेली खबर दोनदा तपासावी, हे मी पुढं कितीतरी नव्या पोरांना शिकवलं. स्वतः तेव्हा दोन्ही घेतलं, खबर पण आणि चहा पण.

म्हातारीला ठाण्यात आणलं. बाईची चौकशी तिच्या घरी करायची असते हा नियम मला तोंडपाठ होता. परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळाले होते. तरी ती रोज किरनापूरकडून येणाऱ्या बसनं यायची, व्हरांड्यातल्या बाकावर बसायची आणि संध्याकाळी जायची. मी येता-जाता एकच विचारायचे, माय कुठं आहे?

"मले माहीत असतं तं मी इथं कायले बसली असती, मॅडम?"

"मग कुणाला माहीत आहे?"

"पांढरी गाडी आलती. फोटोवाले साहेब होते, आंगात सफारी. माह्याच घरी जेवले. जेवून झाल्यावर मायच्या पायापाशी नखानं खरडून पाहे. मी म्हटलं साहेब, असं नाही करा लागत. तं हासले."

आता हे ऐका आणि माझ्या अकलेचा अंदाज घ्या. मी तिला म्हणाले, "साहेब लोकांवर ढकलू नकोस." पांढरी गाडी, सफारी, गळ्यात कॅमेरा. अशा माणसाला तुमच्या दगडाचं काय करायचंय? तिच्या जबाबात मी फोटोवाल्याचं नावही घेतलं नाही. विषयाशी संबंध नाही म्हणून.

तिच्याविरुद्ध काही निघालं नाही, म्हणून तिला बोलावणं बंद केलं. पण निर्दोष आहे असंही कुणी म्हटलं नाही. ठाणं माणसाला सोडतं तेव्हा गाव धरतं. लोकांनी रिकाम्या ओट्यावर दिवा लावणं चालू ठेवलं आणि तिला मात्र पाळीवर यायला बंदी केली. कुणी तिच्या हातचं पाणी घेईना. लग्नाच्या हळदीला बोलावणं येईना. म्हातारी घराच्या दारात बसून तलावाकडं बघत राहायची, असं कोटवार सांगायचा. मी ऐकायचे आणि पुढची फाईल उघडायचे.

मग सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही दोघी मोठ्या शहरात गेलो. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. दिवस मोकळा होता, तर म्हटलं यांना संग्रहालयं दाखवू. आधी सरकारी बघितलं. सासूबाईंनी दारातच चपला काढल्या. शिपाई म्हणाला, "अम्मा, यह मंदिर नहीं है, चप्पल पहन लो।" त्या म्हणाल्या, "देव हायेत ना आत? मग." आणि हातात चपला घेऊन सगळी दालनं फिरल्या. प्रत्येक मूर्तीला नमस्कार, नंदीच्या कानात काहीतरी पुटपुटणं. तलवारींपाशी थोडं थांबल्या, "धार तं एकालेही नाही" म्हणून पुढं गेल्या. राजेरजवाड्यांची मोठमोठी चित्रं पाहून म्हणाल्या, "सगळ्यांचं तोंड सारखंच काहून काढलं? भाऊ भाऊ होते काय?"

दुपारी दुसरं बघितलं. ते एका शेठजींचं खाजगी होतं. संगमरवरी जिना, गारेगार दालन, प्रत्येक मूर्तीवर वरून पिवळा दिवा. मी पाट्या वाचत पुढं गेले होते. मला तेव्हा पाट्या वाचायची फार हौस. मूर्ती कमी बघायची, पाटी जास्त.

मागून हाक आली. "सूनबाई, इकडं ये वो. आपली पाल इथं हाय."

काळ्या दगडाची देवी उभी होती. अंगावर दागिन्यांची बारीक कोरणी, चेहरा शांत, आणि पायाशी मान वर करून बसलेली एक घोरपड. शेपटीचं टोक तुटलेलं.

"आई, ती घोरपड आहे. देवीचं वाहन असतं."

"असन. पण शेपूट पाह्य ना. आपल्या पालीची बी इथंच तुटेल हाय."

मी वाकून पाहिलं. देवीच्या कानामागच्या खाचेत, जिथं कुणाचा ब्रश पोहोचला नव्हता, तिथं लाल रेघ होती. पाटीवर लिहिलं होतं: देवी, मध्य भारत, एका कलाप्रेमी कुटुंबाकडून भेट.

तिथं त्या गार दालनात मला उलगडा झाला. शेंदराचा पापुद्रा म्हणजे साचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या दगडाला चिकटून बसलेला, दगडाची रेघ न्‌ रेघ उलटी उमटलेला. पाळीवर सगळ्या मूर्तीचा साचा पडला होता आणि मी तो गावाच्या हातानं वैनगंगेला वाहिला. राहिला एक तुकडा. तो माझ्या देव्हाऱ्यात, भिंतीकडे तोंड करून.

परत येऊन ठाणेदार साहेबांना सगळं सांगितलं.

"सबूत घर के मंदिर में रखा है?"

"हो सर."

"पूजा भी होती है?"

"सासूबाई करतात, सर."

त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, त्या तुकड्याचं नाव कुठंही घ्यायचं नाही, नाहीतर आधी तुमचीच चौकशी लागेल. गावकऱ्यांना न्या, मूर्ती दाखवा, ते ओळखतील, शिनाख्तीचा पंचनामा करा, काम संपलं. मला हे फार पटलं. स्वतःची कातडी वाचवणारा सल्ला पटकन पटतो. निघताना सासूबाईंनी तुकडा कापडात बांधून माझ्या पिशवीत टाकला. "मायचं मायले दाखव तं खरं," म्हणाल्या.

सरपंच, कोटवार आणि म्हातारी, तिघांना आणि सोबत पंचांना घेऊन गेले. संग्रहालयाच्या व्यवस्थापकानं आम्हाला खुर्च्या दिल्या, मला आणि सरपंचांना चहा दिला. कोटवार आणि म्हातारी उभीच. मूर्तीसमोर नेलं.

सरपंचांनी नीट पाहिलं आणि मान हलवली. "नाही मॅडम. आमची माय लाल हाय."

"शेंदूर काढलाय हो."

"हिले तं तोंड हाय," कोटवार म्हणाला. "आमच्या मायले तोंड नव्हतं."

व्यवस्थापक हळूच हसला. मला तोंड झाकावंसं वाटलं. ज्या देवीपुढं यांचे आजे-पणजे वाकले, तिला हे ओळखत नव्हते, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता. तिला झाकणं हीच तर त्यांची भक्ती होती. आणि चोरानं नेमकं तेच हेरलं होतं. उघडी केली की ती कुणाचीच नाही.

मी म्हातारीला खिडकीपाशी नेलं. "तू हो म्हण. तू लेप लावायचीस, तुझं म्हणणं चालेल. हो म्हटलंस की तुझ्यावरचा ठपका गेला, गाव पुन्हा दिवा लावू देईल."

ती मूर्तीकडे किती तरी वेळ बघत होती.

"मॅडम, म्या तिले कधी उघडी पाह्यलीच नाही. हेच असन बी, नसन बी."

"अगं, नाही म्हणालीस तर जन्मभर दारात बसशील."

"गाव मले खोटी म्हणते. म्हणून मी खरंच खोटी काहून होऊ?"

हिला मी रोज बाकावर बसवून खोटारडी ठरवत होते. खोटं बोलून सुटायची वाट मीच उघडून दिली होती, आणि ती त्या वाटेनं जायला तयार नव्हती. आणि मी, गणवेशातली, पिशवीत खरा पुरावा दाबून उभी होते. आजही ते आठवलं की त्या तरुण बाईच्या अंबाड्याला धरून ओढावंसं वाटतं.

मी पिशवी उघडली. पंचांसमोर कापड सोडलं, तो तुकडा कुठून आला आणि कुठं होता ते मोठ्यानं सांगितलं आणि लिहून घेतलं. व्यवस्थापक म्हणायला लागला की मूर्तीला हात लावायची परवानगी नाही. मी म्हणाले, चोरीच्या मालाला हात लावायची मला सरकारनं परवानगी दिली आहे. तुकडा घोरपडीवर धरला, जरा फिरवला. डब्यावर त्याचंच झाकण बसावं तसा बसला. तुटकी शेपूट, नखं, डोळ्याची खोबण, सगळं आपल्या जागी.

कोटवारानं डोक्यावरची टोपी काढली. सरपंचांचा कप हातातच राहिला. म्हातारीनं मात्र काहीच केलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती मायच्या तोंडाकडे बघत राहिली, जसं लग्नानंतर पहिल्यांदा सुनेचं तोंड बघावं.

मग शेठजी आले. पांढरेशुभ्र कपडे, मऊ आवाज. "मैडम, हमने तो इसे बचाया है। वहाँ तेल-सिंदूर में सड़ रही थी। किसी को पता भी नहीं था कि क्या चीज़ है।"

हे वाक्य मी पुढं नोकरीत बऱ्याच वेळा ऐकलं, वेगवेगळ्या वस्तूंबद्दल आणि एकदा तर एका मुलीबद्दल. तुम्हाला किंमत कळत नाही, म्हणून ती आमची. घरात घुसून नेलं तर चोरी, आणि दिवा लावून पाटी ठोकली की संस्कृतीरक्षण. हेच शेठजी ठाण्यात आले तेव्हा त्यांना बाकावर कुणी बसवलं नाही. पंखा त्यांच्याकडं वळवला गेला.

पाटीवरचं कलाप्रेमी कुटुंब म्हणजे थाप; मूर्ती विकणारा तोच, फोटोवाला. शेठजींनी स्वतःला वाचवायला त्याचं नाव लगेच दिलं. त्याला आणलं. ठाणेदार साहेबांनी खुर्ची आणि बिस्किटं मागवली. तो शोधनिबंध लिहितो म्हणाला, त्या गावात कधी गेलोच नाही म्हणाला, आणि इंग्रजीत पुष्कळ काही म्हणाला. मी जास्त विचारलं नाही. चौकशीत माणूस मोठ्या प्रश्नाला तयारी करून येतो, बारीक प्रश्नाला येत नाही. फाईल चाळत मी सहज म्हणाले, "ज्या घरी तुम्ही जेवलात ती बाई सांगते, भाजी तिखट लागली म्हणून तुम्ही गूळ मागून मागून खाल्ला. घरातला सगळा गूळ संपवला म्हणे."

"गुड़ नहीं, दही माँगा था। एक कटोरी।"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. म्हातारीनं गुळाचं काही सांगितलं नव्हतं, तो गूळ मी माझ्याकडचा घातला होता. पोलिसाला एवढं चालतं. चोरी अंगाला लागली तर चालेल, पण खादाडपणा नको, अशी सभ्य माणसं असतात. त्यानंतर तो बोलला. पापुद्रा पाळीवरच फोडून पाहिला, दगड जुना निघाला म्हणून तीन माणसांनी उचलला, डोळे टाकले कारण चांदीसाठी अडकायचं नव्हतं.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी मला सोलून काढलं. पुरावा इतके महिने कुठं होता, त्यावर फूल वाहत होता का, नैवेद्य काय दाखवत होता. लोक हसले, न्यायाधीशही हसले. मला खात्याची ताकीद मिळाली. ती मिळायलाच हवी होती. पण बसलेला तुकडा बसलेला होता, तो हसण्यानं निघाला नाही. फोटोवाल्याला शिक्षा झाली. शेठजींनी चांगल्या भावनेनं घेतली असं सांगितलं आणि सुटले. आणि माय? ती खटल्याचा माल म्हणून आमच्या ठाण्याच्या मालखान्यात, जप्त मोटरसायकली आणि मोहाच्या दारूच्या डब्यांमध्ये उभी होती. शेवटी कोर्टानं सुपूर्दनाम्यावर ती गावाला दिली.

परवा नात मला शहरात संग्रहालय दाखवायला घेऊन गेली. "आजी, प्लीज़, कुछ छूना मत," असं दारातच बजावून. मी आता पाट्याच आधी वाचते, पण वेगळ्या कारणानं. मूर्तीचं शतक लिहिलेलं असतं, दगडाची जात लिहिलेली असते, देणाऱ्याचं नाव सोनेरी अक्षरांत असतं. कुठून आणली या रकान्यात मात्र लिहिलेलं असतं, 'माहीत नाही'. माझं डोकं तापतं. माहीत नाही म्हणजे काय? विचारलं होतं का? जिथून ती उठली तिथं कुणीतरी बाकावर बसलं असेल, कुणाचा तरी दिवा बंद झाला असेल. नात म्हणाली, आजी, हळू बोल, लोग देख रहे हैं. बघू देत.

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. लेप फक्त देवाला नसतो. सफारीला असतो, मऊ आवाजाला असतो, तरुण पोलीस बाईच्या खात्रीला तर सगळ्यात जाड असतो. आणि म्हातारीच्या फाटक्या लुगड्याखाली काय आहे ते मला दिसलं नाही, कारण मी बघितलंच नाही.

माय पुन्हा ओट्यावर बसली त्या मंगळवारी मी साध्या साडीत गावात गेले. गाव जमलं होतं. पुजारणीला मानानं पुढं बसवलं होतं, हातात शेंदराची वाटी. कोर्टातून परत मिळालेला तो तुकडा मी तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, मावशी, मी चुकले. तिनं तो उचलला, उलटा करून पाहिला. मला वाटलं रडेल, किंवा मला शिव्या देईल. तिनं शेंदराचं बोट आधी मायला लावलं, घोरपडीच्या डोक्याला लावलं, आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हसू दाबत म्हणाली:

"बाई, रोज रोज तू मले इचारे, माय कुठी हाय, माय कुठी हाय. अन् माय तं तुह्याच घरी बसून होती."